जगातील अनिश्चितता आणि आपला कापडबाजार

गेल्या वर्ष-दोन वर्षांत छोटे व्यापारी आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. देशाची प्रगती जोरात चालली आहे असे वर्तमानपत्रे सांगतात, मग ती आमच्या गल्ल्यावर का दिसत नाही? काहींना वाटते की सरकारी आकडेच खोटे आहेत. काहींना वाटते की आपल्या धंद्याचीच बरकत गेली. आमच्या मते दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. आकडे आपल्या जागी बरोबर असू शकतात आणि गल्ला रिकामा असणेही खरे असू शकते. हे कसे घडते ते आम्ही येथे देवळाली कॅम्प, मालेगाव, लासलगाव अशा आपल्या ओळखीच्या ठिकाणांवरून समजावून सांगणार आहोत. अर्थशास्त्राची पुस्तके बाजूला ठेवून हिशोबाच्या वहीच्या भाषेत बोलू.

आकडे काय सांगतात?

प्रथम चांगली बाजू पाहू. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाचे उत्पन्न साडेसहा टक्क्यांनी वाढले असे सरकारने जाहीर केले. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत वाढीचा वेग ८.२ टक्के सांगण्यात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्क्यांवर आला. त्या वेळच्या मालिकेतील हा सर्वात कमी दर होता. रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर २०२५ च्या सुरुवातीला ६.५ टक्के होता तो डिसेंबरपर्यंत ५.२५ टक्क्यांवर आणला. परदेशी चलनाची गंगाजळी २०२५ च्या अखेरीस ६८० अब्ज डॉलरच्या वर होती.

हे आकडे किरकोळ नाहीत. ज्यांनी १९९१ साल पाहिले आहे त्यांना त्यांची किंमत कळेल. त्या वर्षी जूनमध्ये सरकारकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले होते. देशाचे सोने परदेशात गहाण ठेवून कर्ज काढावे लागले. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी नव्या धोरणाचा अर्थसंकल्प मांडला. आम्ही तेव्हा नुकतेच दुकानावर बसू लागलो होतो. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला ‘अवमूल्यन’ हा शब्द त्याच वर्षी प्रथम कळला, आणि तो कळला रंगाच्या आणि सुताच्या चढलेल्या भावातून. तेव्हाचे संकट म्हणजे तिजोरी रिकामी असण्याचे होते. आजचे तसे नाही. तिजोरीत पैसा आहे, पण बाहेरच्या जगात उद्या काय नियम असेल याचा भरवसा नाही. रोग वेगळा म्हणून औषधही वेगळे लागेल.

अमेरिकेचा कर मालेगावला कसा पोहोचतो?

अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या मालावर नेहमीच्या शुल्काखेरीज १० टक्के जादा कर लावला. ७ ऑगस्टला तो २५ टक्के झाला. रशियाकडून तेल घेतल्याचे कारण सांगून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लावले, म्हणजे एकूण ५० टक्के. पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये हा दर १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. वर्षभराच्या आत एकाच मालावर चार वेगवेगळे दर! कापडाची ऑर्डर घेण्यापासून माल जहाजावर चढेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. ज्या दराने सौदा ठरला तो दर माल पोहोचेपर्यंत राहील की नाही हेच ठाऊक नसेल तर निर्यातदार सौदा करणार कसा?

२०२४-२५ मध्ये भारताने परदेशी पाठविलेल्या एकूण मालापैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या अमेरिकेला गेला होता. ५० टक्के कर लागताच तिरुपूर, नोएडा आणि सुरत येथील काही कारखान्यांनी उत्पादन थांबविल्याचे निर्यातदारांच्या संघटनेने सांगितले.

येथे वाचक विचारतील की मालेगावचे यंत्रमागाचे कापड थोडेच अमेरिकेला जाते? प्रश्न रास्त आहे. थेट जात नाही, पण बाजार ही एकमेकांना जोडलेल्या विहिरींसारखी गोष्ट आहे. निर्यातीच्या कारखान्याची ऑर्डर रद्द झाली की तो कारखानदार तयार माल देशातल्या बाजारात मिळेल त्या भावाने काढतो. तो स्वस्त माल आमच्या ठोक बाजारात येतो आणि स्थानिक मालाचा भाव पाडतो. दुसरे असे की तो कारखानदार सूतगिरणीचे पैसे थांबवतो. मग गिरणी आपली उधारी आवळते आणि यंत्रमागवाल्याला रोखीने सूत घ्या म्हणते. यंत्रमागवाल्याजवळ रोख नसते, म्हणून तो दोन पाळ्यांची एक पाळी करतो. शेवटी माग बंद पडतो तो मालेगावात, आणि ज्याची मजुरी बुडते त्या विणकराने अमेरिका नकाशावरही पाहिलेली नसते. तो आठवडी मजुरीवर जगतो. त्याच्या घरात नवे कपडे घेतले जात नाहीत, म्हणजे कापड विणणाराच कापडाचा गिऱ्हाईक राहत नाही.

सरकारी आकड्यांप्रमाणे वस्त्रोद्योगात सुमारे साडेचार कोटी लोकांना थेट रोजगार आहे. शेतीनंतर इतके हात सांभाळणारा दुसरा उद्योग नाही. म्हणून कापडाच्या मंदीकडे एका धंद्याची मंदी म्हणून पाहू नये.

एकाच गिऱ्हाईकावर अवलंबून राहू नये हा दुकानदारीचा पहिला धडा देशालाही लागू आहे. त्या दिशेने काही पावले पडली आहेत. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात आपल्या तयार कपड्यांवरील तेथील आयात शुल्क काढून टाकण्याचे ठरले आहे. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाबरोबरची बोलणीही पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मात्र करार कागदावर होणे आणि माल विकला जाणे यांत फरक आहे. युरोपचा खरेदीदार रंगाची, पाण्याची, मजुरांच्या पगाराची चौकशी करतो. त्या कसोटीला उतरायचे तर चांगली प्रक्रियागृहे हवीत. मालेगावचे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी आजही राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे पाठवावे लागते. कापड आपण विणायचे आणि त्याची खरी किंमत दुसऱ्याने वाढवायची, ही जुनी कमतरता आहे.

नाशिकरोडच्या नोटा आणि रुपयाचा भाव

आमच्या देवळाली कॅम्पपासून थोड्याच अंतरावर नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. त्यामुळे आमच्या भागात एक प्रश्न गमतीने नेहमी विचारला जातो. छापखाना शेजारीच आहे, मग सरकार चार नोटा जास्त छापून लोकांची तंगी का दूर करत नाही? उत्तर सोपे आहे. बाजारात शंभर थान कापड आहे आणि लोकांकडे शंभर रुपये आहेत असे समजा. लोकांकडे दोनशे रुपये दिले आणि थाने शंभरच राहिली तर प्रत्येकाला दुप्पट कापड मिळणार नाही, थानाचा भाव दुप्पट होईल. नोट ही मालाची पावती आहे. माल न वाढवता पावत्या वाढवल्या तर पावतीची किंमत उतरते.

हीच गोष्ट बाहेरच्या जगात रुपयाच्या भावातून दिसते. १९९१ च्या अवमूल्यनानंतर डॉलर सुमारे २६ रुपयांना होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. रुपया उतरला की निर्यातदाराचा फायदा होतो असे पुस्तकात लिहिलेले असते, आणि ते अर्धे खरेही आहे. पण आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. पॉलिएस्टरचा धागा हा मुळात तेलापासून निघणाऱ्या पदार्थांचा बनतो. रंग आणि रसायने यांचाही तेलाशी संबंध आहे. म्हणून डॉलर चढला किंवा आखातात गडबड झाली की सिंथेटिक सूत महागते आणि मालवाहतूक महागते. कापडाचा भाव मात्र गिऱ्हाईकाच्या खिशावर ठरतो. मधला फरक यंत्रमागवाला आणि व्यापारी सोसतात.

रिझर्व्ह बँकेकडे गंगाजळी मोठी आहे, पण तिचा उपयोग रुपयाला धक्के बसू नयेत यासाठी असतो. रुपया एका भावाला बांधून ठेवायला गेले तर तीच गंगाजळी पाहता पाहता संपेल. हे समजून घेतले तर ‘सरकार डॉलर का रोखत नाही’ हा प्रश्न उरत नाही. रुपयाला खरे बळ मालाच्या निर्यातीने आणि तेलाची गरज कमी केल्याने येईल.

कांदा स्वस्त, कापड पडून

आता महागाईकडे येऊ. ०.२५ टक्के महागाई ऐकून नोकरदार माणूस खूश होतो, आणि ते साहजिक आहे. देवळाली कॅम्पात लष्करी नोकरदारांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पगार ठरलेला असताना भाजी-धान्य स्वस्त झाले तर महिन्याअखेर दोन पैसे उरतात. पण आमच्या बाजारात दुसरे गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतून येते. त्याचा पगार म्हणजे कांदा, द्राक्षे आणि टोमॅटो. महागाईचा आकडा जेव्हा खाली येतो तेव्हा त्यात बहुतेक वाटा अन्नधान्य आणि भाजीपाला यांच्या उतरलेल्या भावाचा असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेच झाले होते. ज्या महिन्यात दिल्लीत महागाई आटोक्यात आल्याचे समाधान होते, त्याच महिन्यात नाशिकचा शेतकरी कांद्याला भाव नाही म्हणून ओरडत होता. एकाच आकड्याची एक बाजू शहराचे समाधान आहे आणि दुसरी बाजू खेड्याची तंगी आहे.

कांद्याचा इतिहास पाहिला तर धोरणाचा घोळ चांगला समजतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबर अखेरीस टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्याची अट आली. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात पूर्ण बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठवली, पण किमान ५५० डॉलर मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवले. सप्टेंबर २०२४ मध्ये मूल्याची अट काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द केले. म्हणजे वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलला. प्रत्येक निर्णयाला काही कारण होते. शहरात कांदा महागला तर गरीबाचे हाल होतात हे आम्हीही जाणतो. परंतु परदेशी खरेदीदार सहा वेळा थांबून राहत नाही. तो दुसऱ्या देशातून कांदा घेतो आणि बहुधा तिकडेच राहतो.

कापडाशी याचा संबंध सरळ आहे. लासलगावला भाव बसला की पंधरा दिवसांत त्याचा परिणाम आमच्या काउंटरवर दिसतो. लग्नाच्या बस्त्यात दहा साड्यांऐवजी सहा घेतल्या जातात, पुरुषांचे कपडे ‘पुढच्या महिन्यात’ होतात आणि मागची बाकी तशीच राहते.

कापसाचे उदाहरण याच जातीचे आहे. परदेशी कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून एकूण ११ टक्के आयात शुल्क लागले. गिरण्यांच्या मागणीवरून ते २०२२ मध्ये काही महिने माफ केले. पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले आणि नंतर ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरणीला स्वस्त कापूस मिळाला हे खरे. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खानदेश-विदर्भातला कापूस बाजारात येण्याचा काळ. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता, पण ज्या शेतकऱ्याचा माल सरकारी खरेदीत जात नाही त्याला खुल्या बाजाराचाच आधार. गिरणी जगवायची की शेतकरी, असा हा पेच आहे. आमच्या मते शेतकऱ्याला हमीभाव खरोखर मिळेल अशी खरेदी केंद्रे वेळेवर उघडली, तर शुल्काची माफी इतकी टोचणार नाही.

व्याज उतरले, उधारी नाही

रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला, मग आपले व्याज का कमी झाले नाही, असेही विचारले जाते. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बँकांनी दिलेली बदलत्या व्याजाची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि तीन महिन्यांत निदान एकदा दर बदलावा लागतो. ज्याचे कॅश क्रेडिट अशा प्रकारचे आहे त्याने बँकेत जाऊन आपला दर तपासावा. ज्याचे कर्ज जुन्या पद्धतीचे आहे त्याने नव्या पद्धतीत बदलून मागावे. पण आपल्यातील फार मोठा वर्ग पतपेढी, खासगी सावकार किंवा ओळखीच्या माणसाकडून पैसा उचलतो. त्याला रिझर्व्ह बँकेचा निर्णय लागूच होत नाही. स्वस्त पैसा शहराच्या मोठ्या पेढीपर्यंत येतो आणि तेथेच थांबतो, हे धोरणाचे मोठे अपयश आहे.

दुसरी गोष्ट पंचेचाळीस दिवसांच्या नियमाची. आयकर कायद्यात ४३ ब (एच) या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आणली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिचा अंमल सुरू झाला. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत. मुदत चुकली आणि वर्षअखेरीसही रक्कम बाकी राहिली तर ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही आणि तिच्यावर कर भरावा लागतो. यंत्रमागवाल्याला पैसे वेळेवर मिळावेत हा हेतू उत्तम आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. अडचण अशी की ठोक व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. उद्यम नोंदणी असली तरी व्यापाऱ्याला तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरताच आहे. म्हणजे ठोक व्यापाऱ्याने विणकराला ४५ दिवसांत द्यायचे आणि किरकोळ दुकानदाराकडून तीन-चार महिन्यांनी घ्यायचे. मधल्या काळाचे व्याज कोण भरणार? परिणामी काही व्यापारी नोंदणी नसलेल्या मागवाल्याकडून माल उचलू लागले. ज्याच्या भल्यासाठी कायदा केला त्याच्याच हातून गिऱ्हाईक गेले. ही साखळी वरपासून खालपर्यंत एकाच मुदतीत बांधली तरच नियमाचा लाभ होईल.

जी.एस.टी.तील बदल

१ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला तेव्हा कापडावर ५ टक्के कर लागला. सिंथेटिकमध्ये मात्र उलटा प्रकार होता. तंतूवर १८, धाग्यावर १२ आणि कापडावर ५ टक्के. कच्च्या मालावर कर जास्त आणि पक्क्यावर कमी, त्यामुळे व्यापाऱ्याचे पैसे सरकारकडे परताव्यासाठी अडकून पडत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तंतू आणि धागा दोन्ही ५ टक्क्यांवर आले. हा निर्णय वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर झाला आणि तो योग्यच आहे. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्याचे अडकलेले भांडवल त्याने मोकळे होते.

तयार कपड्यांत २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरच्या नगाला १८ टक्के असे दोन दर झाले. पूर्वी १,००० रुपयांवर १२ टक्के होता. रोजच्या वापराचे कपडे त्यामुळे स्वस्त झाले, पण लग्नाची शेरवानी किंवा भारी घागरा महागला. थानातून कापून घेतलेल्या कापडावर आणि साडीवर मात्र ५ टक्केच आहे. भारी शेरवानी तयार घेण्यापेक्षा कापड घेऊन शिवून घेणे कित्येकांना परवडेल. गावोगावच्या शिंपी बांधवांनी आणि कापड दुकानदारांनी हा हिशोब गिऱ्हाईकाला समजावून सांगितला पाहिजे.

बाहेरची अनिश्चितता आणि घरची

वरील सर्व उदाहरणे एकत्र ठेवली तर एक हकीकत दिसते. अनिश्चितता दोन जातींची आहे. एक बाहेरची. अमेरिकेचा कर, आखातातील तणाव, डॉलरचा भाव. ती आपल्या हातात नाही. दुसरी घरची. कांद्याचे सहा हुकूम, कापसाच्या शुल्काची ऐनवेळची माफी, साखळीच्या एकाच टोकाला लागू होणारी मुदत. ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. बाहेरची हवा जितकी बेभरवशाची, तितके घरचे नियम स्थिर हवेत. सरकार जगाला थांबवू शकत नाही, पण आपल्याच शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला हंगामापूर्वी सांगू शकते की अमुक भावापर्यंत निर्यात खुली राहील आणि अमुक भावानंतर शुल्क लागेल. नियम आधी ठाऊक असेल तर कडक नियमही सोसता येतो.

मोठ्या कंपनीकडे डॉलरचा भाव आगाऊ बांधून ठेवण्याची सोय असते, वकील असतात, दोन वर्षे थांबण्याची ताकद असते. विणकराकडे आठ दिवसांची मजुरी असते. धोरण अचानक बदलते तेव्हा दोघांना सारखाच धक्का बसत नाही. वाढीचा आकडा चांगला आणि गल्ला रिकामा, याचे मुख्य कारण आमच्या मते हेच आहे. वाढ ज्यांच्याकडे धक्के सोसण्याची सोय आहे त्यांच्याकडे साठते आणि धक्के ज्यांच्याकडे सोय नाही त्यांच्या वाट्याला येतात.

व्यापारी बंधूंनी काय करावे?

सरकारने काय करावे हे सांगितले. आता आपल्या हाती काय आहे ते पाहू.

पहिले, साठा बेताने भरावा. भाव चढणार म्हणून सहा महिन्यांचा माल उचलण्याचे दिवस गेले. कर आणि शुल्क कधीही बदलू शकते, तेव्हा दोन महिन्यांपुरता माल आणि फिरते भांडवल हेच शहाणपण.

दुसरे, हंगामाचे गणित मांडावे. ईद-उल-फित्र दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला झाली. पुढची काही वर्षे ती मार्च आणि फेब्रुवारीत येत राहील, म्हणजे उन्हाळ कांद्याचा पैसा खेड्यात येण्याच्या आधी. रमजानसाठी उचललेल्या मालाचे पंचेचाळीस दिवसही मार्चअखेरच्या सुमारास भरतात. म्हणून ईदचा माल उधारीवर पसरवू नये. ईदची वसुली ईदच्या आतच व्हावी.

तिसरे, उधारीची मुदत लेखी ठेवावी, घेतानाही आणि देतानाही. ‘नौ नगद न तेरह उधार’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण वहीत मात्र तेराच लिहीत जातो. चार टक्के नफा कमी घेऊन रोखीने विकलेला माल चार महिन्यांनी मिळणाऱ्या पूर्ण नफ्यापेक्षा अनेकदा स्वस्त पडतो. आपल्या कर्जाचे व्याज धरून हा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा.

चौथे, मागवाल्याने उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे आणि बँकेत व पैसे वसुलीत तिचा उपयोग होतो. व्यापाऱ्यानेही नोंदणी असलेल्या मागवाल्याला टाळू नये. वेळेवर पैसे मिळणारा विणकर चांगला माल देतो आणि मंदीत साथ सोडत नाही.

पाचवे, आपल्या संघटनांनी केवळ कर कमी करा एवढीच मागणी करू नये. नियम बदलण्यापूर्वी पुरेशी मुदत द्या, परतावा ठरल्या दिवसांत द्या, प्रक्रियागृहे आपल्या जिल्ह्यात उभी करा, पंचेचाळीस दिवसांचा नियम साखळीत सर्वांना लावा, अशा ठोस मागण्या कराव्यात. अर्थसंकल्पापूर्वी निवेदने मागविली जातात. मोठ्या उद्योगांची निवेदने आकड्यांसह वेळेवर पोहोचतात, आपली बहुधा अर्थसंकल्प झाल्यावर तक्रारीच्या स्वरूपात जातात. मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या बाजारांनी एकत्र बसून, बंद पडलेल्या मागांची आणि थकलेल्या रकमांची मोजणी करून, ती डिसेंबरच्या आत पाठवावी.